किनाऱ्यावरचे डांबरगोळे आणि तेलविहिरींचा कचरा: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या अखेरीस कोलवा, बाणावली, कळंगुट, मोरजी अशा कुठल्याही किनाऱ्यावर अनवाणी चाला, तळवे काळे होतात. मग फोन सुरू होतात आणि व्हॉट्सॅपवर फोटो फिरू लागतात. शॅक मोडायला घेतलेले व्यावसायिक, रापणकार (किनाऱ्यावरून रापण हे मोठे जाळे ओढणारे मच्छीमार), किनारा साफ करायला येणारी कॉलेजची मुले, सगळे साधारण तेच विचारतात. त्याची उत्तरे एका जागी असावीत म्हणून हे पान. गोव्यात एकही तेलविहीर नाही, तरी तेल काढण्याच्या आणि वाहण्याच्या धंद्यातली घाण आपल्या दारात येते. ती कुठून येते हे शोधले नाही, तर आपण दरवर्षी फक्त फावडे मारत राहू.

हे काळे गोळे नेमके काय असतात?

समुद्रात सांडलेल्या कच्च्या तेलाचा किंवा जहाजाच्या जड इंधनाचा उरलेला भाग. तेल पाण्यावर पसरले की त्यातले हलके घटक एक-दोन दिवसांत उडून जातात. उरलेल्या तेलात लाटा पाणी घुसळतात आणि तपकिरी, चिकट लगदा तयार होतो. वारा आणि लाटा त्याचे तुकडे करतात, ऊन त्यांना वरून कडक करते आणि किनाऱ्याजवळ वाळू चिकटते. तोच डांबरगोळा.

एखादा गोळा काडीने फोडून पाहा. बाहेरची साल करडी आणि खरखरीत असते, शिंपल्यांचा चुरा लागलेला असतो. आत मात्र तो मऊ, चकचकीत काळा असतो आणि त्याला पेट्रोल पंपासारखा वास येतो. सकाळी सातला जो गोळा हातात खड्यासारखा लागतो तोच दुपारी एकला वाळूत वितळून जातो. कधी कधी त्यावर देठासारखे बारीक जलचर चिकटलेले दिसतात. तसे दिसले तर तो गोळा बरेच दिवस समुद्रात तरंगत होता असे समजा. ताजा, वासाचा, मऊ गोळा आणि असा जुना गोळा या दोन वेगळ्या बातम्या आहेत, म्हणून फोटो काढताना हा फरक टिपून ठेवा.

ते पावसाळ्याच्या तोंडावरच का येतात?

मे ते सप्टेंबर या काळात वारे नैर्ऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. याच काळात पश्चिम किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. मुंबईच्या बाजूला पाण्यावर जे काही तरंगत असेल त्याला प्रवाह खाली आणतो आणि वारा किनाऱ्याकडे ढकलतो. हिवाळ्यात हा प्रवाह उलटा होतो. डिसेंबरात पर्यटकांना किनारे स्वच्छ दिसतात, पण त्या महिन्यांत समुद्रात तेल सांडत नाही असा याचा अर्थ नाही. ते तेल आपल्याकडे येत नाही, इतकेच.

गोव्यात विहीर नाही, मग तेल कुणाचे?

या प्रश्नावर दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने बरेच काम केले आहे. गोव्याच्या किनाऱ्यांवरच्या गोळ्यांची नोंद तिथले शास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून करत आले आहेत. संशयाची बोटे दोन ठिकाणी जातात.

पहिले ठिकाण मुंबई हाय. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या या क्षेत्रात १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगने, म्हणजे समुद्रात विहीर खोदणाऱ्या यंत्रणेने, तेल शोधले आणि १९७६ पासून तिथे उत्पादन सुरू आहे. पाण्याखालच्या पाइपलाइन, फलाट (तेल काढण्यासाठी समुद्रात उभारलेले मंच), तेल भरण्याची कामे, सगळीकडे गळतीची शक्यता असते. १९९३ च्या मे महिन्यात इथली एक वाहिनी फुटून हजारो टन तेल समुद्रात गेले होते. २७ जुलै २००५ रोजी फलाटांच्या कामासाठीचे एक सहाय्यक जहाज फलाटावर आदळले, आग लागली, २२ माणसे गेली आणि अख्खा फलाट नष्ट झाला.

दुसरे ठिकाण टँकर. आखाती देशांतून निघणारे तेल आपल्या समोरून भारताच्या आणि पूर्वेकडच्या बंदरांत जाते. टाक्या रिकाम्या झाल्या की तळाशी गाळ उरतो. टाक्या धुतल्यावर तेलकट पाणी निघते. ते बंदरात अशा पाण्यासाठी ठेवलेल्या टाकीत देण्याऐवजी भर समुद्रात सोडून दिले की काही आठवड्यांनी ते कुणाच्या तरी किनाऱ्याला लागते.

या दोघांत फरक करता येतो. प्रत्येक खोऱ्यातल्या कच्च्या तेलात होपेन आणि स्टेरेन या गटांतल्या रेणूंचे प्रमाण वेगळे असते, आणि ऊन-लाटांनी बाकी सगळे झिजले तरी हे रेणू टिकतात. हीच तेलाची बोटांची छाप. मे २०१३ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यांवरून गोळा केलेल्या नमुन्यांची अशी तपासणी झाली, तेव्हा काही नमुने मुंबई हायच्या तेलाशी जुळले आणि काही आग्नेय आशियातल्या कच्च्या तेलाशी. आग्नेय आशियातले तेल इथे जहाजाशिवाय येऊ शकत नाही. ‘सगळे मुंबई हायचेच’ आणि ‘सगळे परदेशी जहाजांचेच’ ही दोन्ही विधाने त्यामुळे चुकीची ठरतात. दोन्ही ऐकली की मला राग येतो, कारण प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

कधी कारण अगदी उघड असते. ३० मे २००६ रोजी ओशन सेराया हे जहाज कारवारजवळ खडकावर चढले आणि त्याचे इंधन तेल काणकोणच्या किनाऱ्यांपर्यंत आले. अशा वेळी निदान जहाजाचे नाव तरी माहीत असते.

तेलविहिरींचा कचरा म्हणजे काय?

तेल सांडणे हा अपघात असतो. विहिरीचा कचरा मात्र रोजच्या कामातूनच निघतो. काही बिघडले नाही तरी तो निघतोच.

विहीर खोदताना फिरत्या पात्याला थंड ठेवायला, चुरा वर आणायला आणि खालच्या दाबाला उलटा दाब द्यायला एक घट्ट द्रव सतत आत सोडावा लागतो. रिगवर काम करणारे त्याला नुसते ‘मड’ म्हणतात. त्यात बेंटोनाइट ही माती आणि बॅराइट हे जड खनिज असते. मड पाण्यात कालवलेले असते, तेलात कालवलेले असते किंवा कृत्रिम द्रवात. पाण्यातले तुलनेने कमी त्रासाचे. खोल, वाकड्या किंवा शेल या पाण्याने फुगणाऱ्या मातकट खडकातून जाणाऱ्या विहिरींसाठी तेलातले सोपे पडते. तिथून खरी अडचण सुरू होते, कारण त्या मडने माखलेला खडकाचा चुरा कुठे टाकायचा हा प्रश्न उरतो.

चुरा किती निघतो? साडेसतरा इंच रुंदीचे भोक हजार मीटर खोल नेले तर सुमारे १५५ घनमीटर खडक बाहेर येतो, म्हणजे जवळपास चारशे टन. खाणपट्ट्यातल्या दहा टनी टिपरच्या भाषेत सांगायचे तर चाळीस फेऱ्या. आणि हा विहिरीचा फक्त एक टप्पा.

तिसरा आणि सर्वांत मोठा कचरा म्हणजे तेलाबरोबर वर येणारे पाणी. लाखो वर्षे खडकात अडकलेले हे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारट असू शकते. त्यात विरघळलेले बेंझीन आणि त्याचे भाऊबंद, फिनॉल, जड धातू आणि गंज रोखण्यासाठी घातलेली रसायने असतात. काही ठिकाणी रेडियमही असते. पाइपांच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या पांढऱ्या थरात ते साठते, आणि रेडियम-२२६ चे अर्धे आयुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. विहीर जसजशी जुनी होते तसे तेल कमी आणि पाणी जास्त येते. जगभराचा ढोबळ हिशेब धरला तर एका पिंपामागे तीन पिंपे पाणी निघते.

म्हणजे आपल्या किनाऱ्यावर येतो तो हाच कचरा का?

नाही, आणि ही गल्लत करू नये. खडकाचा चुरा आणि बॅराइट जड असतात, ते विहिरीच्या आसपास तळाशी बसतात. विरघळलेली रसायने पाण्यात पातळ होत जातात. किनाऱ्यापर्यंत येते ते तरंगणारे तेल: गळतीचे, टाकी धुण्याचे, नीट वेगळ्या न केलेल्या पाण्यातले. गोळा दिसतो म्हणून त्याची बातमी होते. बाकीचा कचरा कुणाला दिसत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. पण दोन्हीचे मूळ एकच आहे. घाण कुठे टाकायची याचा निर्णय किनाऱ्यापासून लांब, कुणी पाहत नसताना होतो.

समुद्र एवढा मोठा. थोडे गेले तर काय बिघडते?

हा प्रश्न चांगली शिकलेली माणसेही विचारतात, म्हणून सविस्तर सांगतो.

समुद्राचा तळ रिकामा नसतो. गाळात किडे, शिंपले, लहान कोलंबी राहते आणि मासे त्यांच्यावर जगतात. चुऱ्याचा जाड थर बसला की ते गुदमरतात. तेलकट चुरा कुजताना गाळातला प्राणवायू संपतो. उत्तर समुद्रात जुन्या फलाटांखाली साठलेले चुऱ्याचे ढीग अनेक दशकांनंतरही तेलकट आहेत. ते उकरावेत की तसेच राहू द्यावेत, यावर अजून खल चालतो. त्याच अनुभवातून युरोपीय देशांनी २००० साली एक टक्क्यापेक्षा जास्त तेल असलेला चुरा समुद्रात टाकण्यावर बंदी घातली.

पाण्याचेही गणित करून पाहा. भारतात समुद्रात सोडायच्या पाण्यात लिटरमागे ४० मिलिग्रॅम तेल चालते. हा आकडा किरकोळ वाटतो. पण तो एका घनमीटरला ४० ग्रॅम होतो. एखाद्या फलाटाने दिवसाला दहा हजार घनमीटर पाणी सोडले तर नियम तंतोतंत पाळूनही रोज ४०० किलो तेल समुद्रात जाईल. शिवाय ही मर्यादा तेलाची आहे. विरघळलेल्या बाकीच्या रसायनांचा तिच्यात हिशेब नाही. अंड्यांवर आणि पिल्लांवर परिणाम करणारी तेलातली बहुवलयी हायड्रोकार्बन (कार्बनची अनेक कडी जोडलेले रेणू) अगदी अल्प प्रमाणातही माशांच्या भ्रूणांच्या हृदयाची वाढ बिघडवतात हे प्रयोगांतून दिसले आहे.

आपल्याकडे नियम आहेत का?

आहेत, आणि कागदावर ते वाईट नाहीत. पर्यावरण (संरक्षण) नियम १९८६ मध्ये तेल खोदकामासाठी स्वतंत्र मानके आहेत. वर सांगितलेली ४० मिलिग्रॅमची मर्यादा ९५ टक्के वेळा पाळायची आणि १०० च्या वर कधीच जायचे नाही. डिझेलवर आधारलेले मड वापरायला मनाई आहे. चुऱ्यात किलोमागे १० ग्रॅमपेक्षा जास्त तेल असेल तर तो समुद्रात टाकता येत नाही. बॅराइटमध्ये पारा किलोमागे १ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत चुरा टाकायचा नाही, तो जमिनीवर आणायचा. घातक कचरा नियम २०१६ नुसार तेल मिसळलेले मड, तेलकट गाळ आणि पाण्याच्या मडखेरीज इतर मडचा चुरा घातक कचऱ्यात मोडतो.

दुखणे तपासणीचे आहे. किनाऱ्यापासून इतक्या लांब पाण्याचा नमुना बहुतेक वेळा तेच घेतात जे ते पाणी सोडतात.

आणि जहाजांना?

मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराखाली मालटाकीतले तेलकट पाणी टँकरला जमिनीपासून ५० सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. त्यापलीकडेही चालत्या जहाजातून मैलामागे ३० लिटर तेल हीच मर्यादा आहे. इंजिन विभागातल्या पाण्यात दहा लाख भागांत १५ भाग. रात्री, ढगाळ पावसाळी आभाळाखाली, हे कोण मोजतो? उपग्रहांच्या रडार चित्रांत तवंग दिसतो आणि जहाजांच्या ओळख-यंत्रणेच्या नोंदींशी तो ताडून पाहता येतो. ही साधने आपल्या देशात आहेत. ती रोज या कामाला जुंपली पाहिजेत असे माझे ठाम मत आहे.

विहिरींचा कचरा समुद्रात नको तर जमिनीवर नेऊन टाकावा ना?

जमिनीवरही तो आपोआप निरुपद्रवी होत नाही. इक्वाडोरच्या जंगलात १९७० आणि १९८० च्या दशकांत तेलाबरोबरचे पाणी ओढ्यांत आणि अस्तर नसलेल्या खड्ड्यांत सोडले गेले. त्यावरून उभे राहिलेले खटले दशकानुदशके चालले. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात हेच पाणी खोल विहिरींत दाबून भरले, तर जमीन हलू लागली. ३ सप्टेंबर २०१६ रोजी पॉनी गावाजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचा संबंध या पाण्याशी जोडला गेला.

नीट करायचे तर खड्ड्याला अभेद्य अस्तर, झिरपणारे पाणी गोळा करायची सोय, वर झाकण, कुंपण आणि वर्षानुवर्षे भूजलाची तपासणी हे सगळे लागते. आपल्या नियमांतही हे लिहिलेले आहे. डिचोली-सत्तरीच्या लोकांना याचे मर्म वेगळे समजावायला नको. खनिजाचे डंप पावसात ढासळून शेतात आणि ओहोळांत उतरले की काय होते, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

पायाला लागले तर काय करावे?

खोबरेल किंवा कुठलेही खाण्याचे तेल चोळा, पुसा, मग साबणाने धुवा. रॉकेल, पेट्रोल, थिनर वापरू नका. त्याने त्वचेला गोळ्यापेक्षा जास्त इजा होते. बहुतेकांना क्वचित लागल्याने काही होत नाही, काहींना पुरळ उठते. लहान मुलांना गोळे खेळायला देऊ नका. पायाला जखम असेल तर त्या दिवसांत किनाऱ्यावर चप्पल घालाच, कारण गोळ्यांवर रोगकारक जिवाणूही वाढलेले आढळतात.

मासे खावेत का?

खावेत. बांगडा, तारली, इसवण असे मासे तेलातली हायड्रोकार्बन शरीरात मोडून बाहेर टाकू शकतात. तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवे यांना ते तितकेसे जमत नाही. ते पाणी गाळून जगतात आणि त्यातले विष साठवत जातात. ज्या ठिकाणी तेल ताजे लागले आहे तिथली शिंपली काही आठवडे टाळा. कुठल्याही मासळीला रॉकेलसारखा वास आला तर ती शिजवून तो वास जात नाही, परत करा. ‘गोळे आले, मासळी घेऊ नका’ असे संदेश सरसकट पुढे पाठवू नका. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, पारंपरिक मच्छीमारांची चार पैसे मिळवायची हीच वेळ असते.

कासवांना धोका आहे का?

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवे मुख्यतः नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालतात. उशिराच्या घरट्यांतली पिल्ले मे महिन्यापर्यंत निघतात. ती पाण्यावर तरंगणारे काहीही गिळतात, डांबरसुद्धा. त्याने जबडा चिकटतो आणि पिल्लू उपाशी मरते. या चार किनाऱ्यांवर घरट्यांजवळ साफसफाई वनखात्याला विचारूनच करा.

गोळे गोळा कसे करायचे आणि टाकायचे कुठे?

पहाटे करा, गोळे कडक असतानाच. हातमोजे, लहान फावडे आणि जाळीची चाळण पुरते. चाळल्याने वाळू जागेवरच राहते. जेसीबी आणू नका. त्याची चाके गोळे खाली दाबतात आणि तेल वाळूत पसरते. पुरूही नका. जुलैच्या लाटा किनारा कापतात तेव्हा पुरलेले सगळे पुन्हा वर येते. जाळण्याचा तर विचारही नको.

जमवलेला माल जाड पिशव्यांत भरून, वजन लिहून, सावलीत ठेवा. तो पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात किंवा साळगावच्या कचरा प्रकल्पात जाण्यासारखा नाही. घातक कचऱ्यासाठी सत्तरीत पिसुर्ले येथे प्रकल्प आहे. तिकडे पाठवण्यासाठी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा आणि पोच मागा. एका पंचायतीत मी पिशव्या गणेश चतुर्थीपर्यंत भिंतीला टेकून वितळताना पाहिल्या आहेत, म्हणून पोच मागा असे मुद्दाम सांगतो.

रापण खराब झाली. भरपाई मिळते का?

दोषी जहाज सापडले तर मिळू शकते. टँकरमधून सांडलेल्या तेलाच्या भरपाईसाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीचा भारत सदस्य आहे. पण तेल टँकरमधूनच आले हे दाखवावे लागते आणि नुकसान कागदावर मांडावे लागते. दोरांना डांबर लागले, अर्धी रापण टाकून द्यावी लागली, दोन दिवस ओढ झाली नाही, हे नुसते तोंडी सांगून चालत नाही. फोटो, जाळ्याच्या खरेदीची पावती आणि त्या दिवसाचा पंचनामा ठेवा. तलाठ्याला त्याच दिवशी बोलवा.

उद्या गोव्यासमोरच विहिरी खोदल्या तर?

आपल्या समोरचा समुद्रतळ केरळ-कोकण खोऱ्यात येतो. तिथे शोध घेतला गेला आहे, व्यावसायिक उत्पादन मात्र आजवर झालेले नाही. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की जानेवारी २०२० मध्ये केंद्राने शोधाच्या टप्प्यावरच्या विहिरी, समुद्रातल्या असोत वा जमिनीवरच्या, पर्यावरण परवानगीच्या ‘ब-२’ गटात टाकल्या. म्हणजे या टप्प्यावर जनसुनावणी नाही. उत्पादन सुरू करायचे झाले तर पूर्ण मूल्यांकन आणि सुनावणी लागते. तोवर विहीर खोदून झालेली असते, मड आणि चुरा कुठे तरी गेलेला असतो. हा बदल चुकीचा आहे. असा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत विचारायचे प्रश्न आताच तयार ठेवा: मड कुठल्या प्रकारचे, चुरा कुठे टाकणार, पाण्याचा नमुना कोण घेणार आणि निकाल आम्हाला केव्हा मिळणार.

गोळे दिसले तर कुणाला कळवायचे?

समुद्रात तवंग दिसला तर तटरक्षक दलाला, १५५४ या क्रमांकावर. देशातल्या तेलगळती निवारणाची मध्यवर्ती जबाबदारी त्यांच्याकडे आहे. किनाऱ्यावर गोळे दिसले तर प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि पंचायत. किनाऱ्याचे नाव, वेळ, भरती की ओहोटी, गोळ्यांचा साधारण आकार आणि मऊ की कडक एवढे लिहा. फोटोत मापासाठी शेजारी एक नाणे ठेवा.

नमुना ठेवायचा असेल तर काचेच्या स्वच्छ बाटलीत, झाकणाखाली ॲल्युमिनियमचा कागद लावून, फ्रिजमध्ये. प्लास्टिकच्या डबीत नको, प्लास्टिकमधले घटक तेलात मिसळतात आणि पुढे छाप जुळवताना घोळ होतो. बाटलीवर तारीख आणि जागा लिहा, आणि सोबत त्याच किनाऱ्यावरची थोडी स्वच्छ वाळू वेगळ्या बाटलीत ठेवा, तुलनेसाठी ती लागते.